माझी हरकत

कुंभार पिंपळगाव
बुधवार, दुपार

प्रिय शालू,

पत्र बघून आधी काळजात धस्स करून घेऊ नकोस. घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे तेवढे कुरकुर करून राह्यलेत, पण ते काय आजचं न्हाई. लाईट गेलीय ती चारच्या आधी येत न्हाई. पुढ्यात पाच एचपीची एक जळालेली मोटार पोट उघडून पडलीय आणि तिचा मालक सकाळपासून दोनदा येऊन गेलाय. येऊ दे. आज आधी तुझं काम. आपल्या शेजारचा कापड दुकानवाला फहीम संध्याकाळी मुंब्र्याला बहिणीकडं निघालाय, त्याच्या हाती हे देतो. उद्या तो तुझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभा राहील, त्याला चहा पाज, न्हाईतर वर्षभर ऐकवील मला. शुक्रवारी तू तुझ्या साहेबांना उत्तर द्यायच्या आत हे तुझ्या हातात पडायला पाहिजे.

फोन का केला न्हाई म्हणशील. फोनवर मी काय दिवे लावले ते आठव. रविवारी तू सांगितलंस की मुंबईला सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं ते आता तीन वर्षांसाठी ठेवून घेतायत, सरकारच्या त्या धोरण कक्षात, समन्वयक म्हणून. आणि विचारलंस, काय करू. मी तुझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत म्हणालो, बिलकुल हरकत न्हाई, कर. मला वाटलं तू उड्या मारशील. तू गप्प झालीस. मंग म्हणालीस, बरं, बघते, आणि आपल्या गोदाला सर्दी आहे का ते विचारलंस. लग्नाला अकरा वर्षं झाली शालू. तुझं 'बघते' मला कळतं. आणि कळलं नसतं तरी काल फहीम आलाच सांगायला. तू त्याच्या बायकोला, इरमभाभीला, म्हणालीस म्हणे की शुक्रवारी नकार देते आणि परत येते. तिनं ते फहीमला सांगितलं, आणि फहीमच्या पोटात काय राहतंय. माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणतो, भागवतभाऊ, तुम्ही हो म्हणाले अन भाभी वापस येऊन राहिल्या, असं कसं हो म्हणता तुम्ही?

खरं सांगू, मला राग आला. आपल्या गावात किती नवरे बायकोला तीन वर्षं मुंबईला जा म्हणतील? मी म्हणालो, तेही लगेच, कपाळाला आठी न घालता. आणि हिला त्याचं काही न्हाई. रागारागात मोटारीची जळालेली तार ओढत बसलो. ती कामं तशी बरी असतात, हाताला काम असतं आणि डोकं मोकळं असतं. तार ओढता ओढता मला एकदम तुझे आदिनाथमामा आठवले, आणि त्यांच्या घरचा तो चहा.

तुला संस्थेत नोकरी लागली तेव्हाची गोष्ट आठवते का? तालुका समन्वयक. गल्लीत कुणालाच कळेना की ही बाई नेमकं करती काय. शिकवत न्हाई, टोचत न्हाई, पगार वाटत न्हाई, मंग काय करती. आईनं सगळ्यांना एकच उत्तर ठरवलं होतं, आमची सून साहेबलोकांना एका जागी बसवती. बायका म्हणायच्या, एवढंच? आणि आई म्हणायची, तुम्ही बसवून दाखवा. मला पण तेव्हा तेवढंच कळलं होतं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पोरं संग जातात, आणि पोरं गेली की त्यांची शाळा इथं राहते, अंगणवाडीचा आहार इथं राहतो, लसीचा डोस इथं राहतो. सगळं सरकारी आहे, सगळं कागदावर बराबर आहे, फक्त पोरगं तिकडं साखर कारखान्यापाशी पाचटाच्या झोपडीत, कोपीत आहे. शाळावाले म्हणायचे आमच्याकडं न्हाई, दवाखानावाले म्हणायचे आमच्या हद्दीत न्हाई. ह्या सगळ्यांनी मिळून त्या पोराच्या मागं जायचं, एवढं तुझं काम. बाजाराच्या दिवशी मी दुकान बंद ठेवायचो आणि तुला गाडीवर घेऊन कचेऱ्या फिरायचो. तू आत, मी बाहेर लिंबाखाली. सगळ्यांसमोर मला अहो म्हणायचीस आणि गाडी गावाबाहेर पडली की अरे. मला ते अरे फार आवडायचं, हे तुला कधी सांगितलं न्हाई.

पहिली बैठक तू किती थाटात घेतलीस. मी पण मागच्या खुर्चीवर बसलो होतो, भजे वाटायला. आदिनाथमामा डॉक्टर म्हणून पहिल्या खुर्चीवर, तुझ्या आईचे चुलतभाऊ, तुला अंगाखांद्यावर खेळवलेले. तू उभी राहून म्हणालीस, मामा, तुम्हीच सुरुवात करा. आता आपल्याकडं भाचीला न्हाई म्हणायची रीत आहे का? भाचीला साडी न्हाई म्हणत न्हाईत, तिथं कारखान्यावर नर्स न्हाई कसं म्हणतील? मामा म्हणाले, तू सांगशील तसं करू बाई, आपली काही हरकत न्हाई. ते तसं म्हणाल्यावर शाळावाले म्हणाले आमची पण न्हाई, आहारवाले, रेशनवाले, सगळे न्हाई न्हाई करत चहा पिऊन उठले. तू गाडीवर गात आली होतीस त्या दिवशी.

आणि मंग ऊसतोडीतली तुळजाबाई आल्ती आपल्या ओसरीवर, टोळ्या परत आल्यावर. तिनं जातानाच विचारलं होतं, नातू लहान आहे, नेऊ का, आणि तू म्हणाली होतीस ने, तिथं नर्स येईल, मी बोललेय. नर्स आली न्हाई. कुणीच आलं न्हाई. पोराला गोवर झाला, कोपीत तापानं फणफणलं, कसंबसं वाचलं. तुळजाबाई भांडली न्हाई, आवाज पण चढवला न्हाई. नातवाला मांडीवर घेऊन नुसती म्हणाली, बाई, तुमची माणसं आलीच न्हाईत गं. त्या पोराचे हात काड्या झाले होते. तू त्याला उचलून घेतलंस आणि खाली ठेवीनाच. दोन दिवस नीट जेवली न्हाईस. आई माझ्यावर चिडली, तिला नोकरी सोडायला सांग म्हणाली.

पुढच्या दसऱ्याच्या आधी तू मामांच्या घरी गेलीस. मी अंगणात गाडीपाशी. मामींनी चहा आणला आणि तू म्हणालीस, मामी, आज मी भाची म्हणून आले न्हाई, चहा नको. मी बाहेरून ऐकलं आणि मला घाम फुटला. मामाच्या घरून भाची रिकाम्या तोंडी जाणार म्हणजे काय, चार गावांत बोभाटा. मामींच्या डोळ्यांत पाणी. तू मामांना डॉक्टरसाहेब म्हणालीस. म्हणालीस, डॉक्टरसाहेब, हे काम का होणार न्हाई ते मला सांगा. आणि मामा जे भडकले ते. नर्स एक, गावं इतकी, गाडी न्हाई, आणि दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन टोचलं तर ते इथल्या कामात कुणी धरत न्हाई, उलट वरून विचारतात तुमची पोरं कुठं गेली, उत्तर तू देणार का? अर्धा तास ओरडत होते. मला वाटलं आता आत जाऊन पाया पडावं आणि तुला घेऊन निघावं. तर तू आतून म्हणतेस, मामी, आता द्या चहा. बाहेर आलीस तर चेहरा उजळलेला. गाडीवर बसताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालीस, मामा भांडला रे एकदाचा. मी म्हणालो, त्यात आनंद कसला? तू म्हणालीस, जो भांडतो ना, त्यानं मनात काम सुरू केलेलं असतं. हरकत न्हाई म्हणणारा घरी जाऊन झोपतो.

तुझं सगळं पुढचं तिथून सुरू झालं. तू बैठका बोलवायचं सोडलंस, आधी एकेकाला गाठून त्याला भांडायला लावायचीस, शाळावाल्याला वेगळं, रेशनवाल्याला वेगळं, आणि सगळ्यांची भांडणं गोळा झाली की मंग एका जागी बसवायचीस. त्या वर्षी तिकडची नर्स कोपीवर गेली, मामा स्वतःच्या गाडीनं बघायला गेले, आणि तुळजाबाईचा नातू डोस घेऊन आला. जिल्ह्याच्या साहेबांनी तुला जालन्याला बोलावलं, मंग तिथून मुंबई. लोक विचारतात कुणाची ओळख होती. मी सांगतो, मामा भांडला.

तर काल हे सगळं आठवलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. हातातली तार तशीच टाकली आणि घरी गेलो. आई शेंगा फोडत बसल्ती. मी म्हणालो, आई, शालूनं तीन वर्षं मुंबईला राहायचं, तुझी हरकत काय ते सांग. ती म्हणाली, माझी कशाला हरकत, जाऊ दे की तिला. फोनवर पण तुला हेच म्हणाली असेल. मी म्हणालो, तू सांगितल्याशिवाय मी आज चहा पीत न्हाई. अगं, काय सांगू तुला, जो पट्टा सुटला तिचा. गोदाची वेणी घालायला तिला पाठीमागं बसता येत न्हाई, गुडघे वळत न्हाईत, आणि पोरगी शाळेत केस पिंजारून जाते, बाया नावं ठेवतात ते आजीला. सकाळचा डबा आता होत न्हाई. देवीला जायचं तर संग कुणी न्हाई. आणि मुंबईला येऊन राह्य असं म्हणशील तर तुमच्या त्या लिफ्टमध्ये ती पाय ठेवणार न्हाई. शेवटी शेंगांचं सूप बाजूला सारून म्हणाली, शालू घरात असली की मला भांडायला माणूस असतं, तू तर मेल्या भांडतच न्हाईस. आणि पदरानं डोळे पुसले. मी तिला इतक्या वर्षांत तुझ्यासाठी रडताना बघितलं नव्हतं. तू पण बघितलं नसशील, म्हणून लिहितोय.

गोदाला विचारायला शाळा सुटायची वाट बघितली. तिला विचारावं लागलं न्हाई फार. तिची पहिली हरकत म्हणजे आई फोनवर पाढे विचारते ते बंद करायचं. दुसरी, तिला केस कापून पाहिजेत, मानेपर्यंत, आणि आजीला तू सांगायचं. तिसरी सांगताना माझ्याकडं बघेना. म्हणाली, आईला मी आवडते का तिथलं काम? मी म्हणालो दोन्ही. तर म्हणते, मंग ती दोन्ही सांगत का न्हाई, मला फोनवर नुसतं म्हणते लवकर येते, लवकर येते. शालू, तिसरीतली असली तरी ती बरोबर बोलून राह्यली. तू तिला फोनवर तुझ्या कामाचं काहीच सांगत न्हाईस, जणू ते चोरून करतेस. तिला सांग. तिला मामा भांडल्याची गोष्ट मी काल सांगितली तर ती इतकी हसली की जेवताना ठसका लागला.

राहता राहिलो मी. मागच्या आठवड्यात अंबडला लग्नाला गेल्तो, तुला सांगितलं होतं की छान झालं लग्न. लग्न छान झालं, माझं न्हाई झालं. जो भेटेल तो, मंडळी न्हाई आल्या? मुंबईला असतात म्हटलं की काय करतात, आणि समन्वयक म्हटलं की हसू. एक पाव्हणे म्हणाले, म्हणजे वहिनी सरकार जुळवतात आणि तुम्ही घरी भात लावता. सगळे हसले, मी पण हसलो. मला ते लागलं. भात लावतो हे खरं आहे आणि बरा लावतो, तरी लागलं. घरी येऊन तुझ्यावरच चिडचिड केली मनातल्या मनात, आणि फोनवर मात्र छान झालं म्हणालो. तू मसुदा, अभिप्राय, सचिव असलं सांगतेस तेव्हा मी हं हं करतो, त्यातलं निम्मं मला कळत न्हाई आणि विचारायची लाज वाटते. तुझ्याबरोबरचे लोक जेवायच्या सुट्टीत काय विनोद करतात ते तू सांगतेस, तेव्हा मला बरं वाटत न्हाई. हे असं आहे.

आणि हे पण खरं आहे की तुझं त्या कामात किती मन आहे ते माझ्याइतकं कुणालाच माहिती न्हाई. गेल्या महिन्यात तुझा फोन आल्ता, आठवतं? पोराला डोस कुठंही दिला तरी तो देणाऱ्याच्या पण आणि गावच्या पण कामात धरायचा, हे चारही खात्यांनी मान्य केलं म्हणालीस. मामांची हरकत मसुद्यात गेली म्हणालीस. मी एका शेतात विहिरीवर मोटार बसवून राह्यलो होतो, हात ग्रीसनं बरबटलेले, फोन खांद्यात धरलेला, मान अवघडून गेली तरी ठेवला न्हाई. तुझा तसला आवाज मी आपल्या लग्नातसुद्धा ऐकला न्हाई. तो शेतकरी मला विचारतो, काय झालं, पोरगं झालं का कुणाला? मी म्हणालो, तसंच समजा. तो आवाज तू परत आणून इथं ओसरीवर बसवशील आणि मी रोज त्याच्याकडं बघायचं, हे मला जमणार न्हाई. तू नकार देऊन आलीस तर मला आनंद होईल आणि त्या आनंदाची मला जन्मभर शरम वाटेल.

म्हणून हे लिहायला बसलो. रविवारी तू का गप्प झालीस ते मला काल कळलं. तुला वाटलं, हा पण चहा पिऊन उठला. शालू, माझी हरकत आहे. मला तुझ्याविना करमत न्हाई, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर घरी जायला पाय उचलत न्हाई. मला भ्या वाटतं की तू तिकडं मोठी होत जाशील, मी इथं तार गुंडाळत राहीन, आणि तीन वर्षांनी तू माझ्यासमोर बसलीस की आपल्याला बोलायला काही सापडणार न्हाई. दुकान सोडून मुंबईला यायला मला जमायचं न्हाई, ही पण हरकतच धर. ह्यातल्या कशावर माझ्याकडं उपाय न्हाई. तरी शुक्रवारी तू त्यांना हो म्हण, सगळ्या हरकती मिटायची वाट बघू नकोस. शनिवारी आम्ही तिघं येतोय, तिकिटं काढलीत. आई लिफ्टला शिव्या देत का होईना, पण चढणार म्हणते. तुझ्या त्या खोलीत सतरंजी टाक आणि आम्हाला एका जागी बसव. रविवारी हरकत न्हाई म्हणून मी तुला एकटीला सोडून दिलं होतं. आता मी भांडायला येऊन राह्यलोय.

हरकतीसकट तुझाच,
भागवत